नव्या परिचारिकेचे पहिले वर्ष : वॉर्डमध्ये काय जड जाते आणि कशाने सावरता येते?

धागाकर्ती

शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी हे सगळे सोपस्कार आटोपून काही महिन्यांपूर्वी मी मेडिसिन वॉर्डमध्ये रुजू झाले. विद्यार्थिनी असताना ज्या प्रकारच्या वॉर्डमध्ये वावरले त्याच प्रकारचा हा वॉर्ड आहे. खाटा, ट्रॉली, औषधे, रुग्णांचे आजार, सारे ओळखीचे. तरीही एका रुग्णाची साग्रसंगीत शुश्रूषा करून केस लिहिणे आणि स्वतःच्या सहीने अनेक रुग्ण एकाच वेळी सांभाळणे यांत केवढे अंतर आहे, ते प्रत्यक्ष ड्यूटीला लागल्याखेरीज कळत नाही.

परवाच्या सकाळपाळीचे उदाहरण देते. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेऊन होते न होते तोच एका खाटेवरून सलाईन संपल्याची हाक आली, दुसऱ्या रुग्णाला एक्स-रेसाठी न्यायला मदतनीस येऊन उभे राहिले, तिसऱ्या रुग्णाच्या मुलीला वडिलांच्या रिपोर्टविषयी आत्ताच बोलायचे होते. आणि या गडबडीत, कालपर्यंत भरभरून बोलणाऱ्या एका आजोबांनी माझ्या विचारपुशीला काहीतरी असंबद्ध उत्तर दिले, एवढेच मनात कुठेतरी टिपले गेले. माझे पाऊल सलाईनच्या दिशेने वळत असतानाच बरोबरच्या ज्येष्ठ सिस्टर थेट आजोबांपाशी गेल्या, त्यांनी श्वास मोजले आणि मला ऑक्सिजन लावायला सांगून डॉक्टरांना फोन केला. आजोबा आता बरे आहेत. मला मात्र तेव्हापासून एकच प्रश्न छळतो आहे : आधी कुठे जायचे हे त्यांना कसे कळले आणि ते मला केव्हा कळू लागेल?

याला जोडून आणखी दोन गोष्टी विचारते. डॉक्टरांना, विशेषतः रात्री, फोन करताना मनात जे लिहून ठेवलेले असते ते ऐन वेळी ओठांवर येत नाही. आणि ड्यूटी संपली तरी 'ते औषध दिल्याची नोंद केली ना', 'ती नळी उघडी तर राहिली नाही ना' हे विचार घरापर्यंत पाठलाग करतात. ज्यांनी हा काळ पार केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अतिदक्षता परिचारिका

ताई, वॉर्डमध्ये जे काम मोठ्या आवाजात मागितले जाते ते आणि जे खरोखर तातडीचे असते ते बहुतेक वेळा वेगवेगळे असते. संपलेल्या सलाईनला, वाट पाहणाऱ्या मदतनीसाला आणि काळजीत पडलेल्या मुलीला तोंड आहे. ज्याचा श्वास वाढला आहे किंवा ज्याला भ्रम होऊ लागला आहे, तो रुग्ण बहुधा गप्प असतो.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकेपणापासून निष्णातपणापर्यंत. त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत पटलेला भाग असा की सुरुवातीच्या पायऱ्यांवर सगळी कामे सारख्याच वजनाची वाटतात, कारण कशाकडे तूर्त काणाडोळा केला तरी चालेल हे ठरवण्याइतके रुग्ण नजरेखालून गेलेले नसतात. ज्येष्ठ सिस्टरांना जे दिसले ते तुम्हाला दिसले नाही असे नाहीच. तुम्हीही ते टिपले होते, फक्त त्याला महत्त्व द्यावे की नाही हे तुम्हाला ठरवता आले नाही.

नजर तयार होईपर्यंत आकड्यांचा आधार घ्यावा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये धोक्याची पूर्वसूचना देणारी एक गुणपद्धत काढली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वसनगती, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, बाहेरून ऑक्सिजन सुरू आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धीची स्थिती आणि तापमान यांना गुण देऊन बेरीज करायची. ५ किंवा अधिक झाली तर डॉक्टरांनी तातडीने पाहावे आणि ७ किंवा अधिक झाली तर आणीबाणी समजावी, असा तिचा साधारण नियम आहे. यात मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त श्वास असतील तर त्या एकाच गोष्टीला ३ गुण मिळतात, आणि २०१७ च्या सुधारणेत नव्याने सुरू झालेल्या भ्रमालाही ३ गुण दिले गेले. तुमच्या आजोबांचे असंबद्ध उत्तर हे नुसते म्हातारपण समजून सोडून देण्यासारखे नव्हते, ते यासाठी.

श्वास मोजण्याविषयी मुद्दाम लिहिते, कारण सर्वांत जास्त हेळसांड याच नोंदीची होते. कित्येक तक्त्यांवर प्रत्येक रुग्णापुढे १८ किंवा २० असा आकडा डोळे झाकून लिहिलेला आढळतो. नाडी मोजत असल्यासारखे मनगट धरून ठेवा आणि नजर छातीवर ठेवून घड्याळाच्या काट्यावर पूर्ण एक मिनिट मोजा. आपले श्वास मोजले जात आहेत हे रुग्णाला कळले की तो नकळत लय बदलतो. रक्तदाब कोसळायच्या आधी पुष्कळदा श्वास वाढलेले असतात आणि तेवढाच वेळ तुमच्या हातात असतो.

ओव्हर संपताच ट्रॉलीला हात लावण्यापूर्वी आपल्या प्रत्येक रुग्णापाशी मिनिटभर उभे राहावे. श्वास, त्वचेचा रंग, बोलणे, कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा, नळ्या आणि पिशव्या, एवढेच पाहावे. या फेरीत कोणी काही मागितले तर 'सगळ्यांना एकदा पाहून येते' असे सांगून पुढे जावे. सलाईन संपले असेल तर ते बंद करायला क्षणभर पुरतो, नवी बाटली फेरीनंतर लावता येते.

नर्सिंग शिक्षक

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. धागाकर्तीने ज्या अंतराचा उल्लेख केला, त्याविषयी शिक्षकाच्या बाजूने चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्या अंतराला आम्हीही जबाबदार आहोत.

मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये या अनुभवाला 'रिअॅलिटी शॉक' असे नाव दिले. सुरुवातीचे नवलाईचे दिवस, मग धक्का, मग हळूहळू सावरणे असा त्याचा क्रम त्यांनी वर्णिला. धक्का बसतो तो मुख्यतः यामुळे की महाविद्यालयात शिकवलेली पद्धत आणि वॉर्डमध्ये चाललेली पद्धत जुळत नाहीत. तुम्ही शिकल्याप्रमाणे करायला गेलात की 'एवढा वेळ लावलास तर बाकीचे रुग्ण कोण बघणार' असे ऐकावे लागते, आणि वॉर्डप्रमाणे केलेत की मन खाते.

यावर मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगतो. वॉर्डमधली एखादी पळवाट दिसली की विचारा : यात फक्त वेळ वाचतो आहे की रुग्णाला इजेपासून वाचवणारा एखादा अडसरही निघून जातो आहे? बेडशीट बदलण्याची, सामान मांडण्याची, नोंदींचा क्रम लावण्याची प्रत्येक वॉर्डची धाटणी वेगळी असते. तिथे जुळवून घ्यावे आणि वाद घालू नये. पण रुग्णाच्या मनगटावरील पट्टीशी नाव न ताडता औषध देणे, रक्ताच्या नळ्यांवर खाटेपाशी लेबल न लावता सगळ्या नळ्या टेबलावर आणून मग नावे चिकटवणे, दुसऱ्याने काढून ठेवलेले इंजेक्शन आपण टोचणे, न दिलेल्या औषधापुढे आधीच सही करून ठेवणे, या चार बाबतींत समोर कितीही ज्येष्ठ व्यक्ती असली तरी नम्रपणे नकार द्यावा.

इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) आणि तीव्र पोटॅशियम क्लोराईड यांच्या बाबतीत दुसऱ्या परिचारिकेकडून स्वतंत्रपणे पडताळणी करून घ्यावी. स्वतंत्रपणे म्हणजे तिने हिशोब स्वतः करायचा; तुमचा आकडा ऐकून मान डोलावणे याला पडताळणी म्हणत नाहीत. मिलिलिटरला १०० युनिट असलेल्या इन्सुलिनचा १० युनिटांचा डोस अवघा ०.१ मिलिलिटर होतो; साध्या सिरिंजमध्ये तो काढताना दसपट चूक होणे किती सोपे आहे, याचा अंदाज यावरून यावा. इन्सुलिनला इन्सुलिनचीच सिरिंज, आणि तक्त्यावर 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, कारण घाईत लिहिलेले एकटे इंग्रजी 'U' अक्षर शून्यासारखे दिसते. तीव्र पोटॅशियम पातळ न करता शिरेतून थेट कधीही द्यायचे नसते, हे तर पाठ असूनही पुन्हा सांगतो.

ब्रदर, सर्जिकल वॉर्ड

आतापर्यंतचे प्रतिसाद मोलाचे आहेत, पण सगळा भार नव्या परिचारिकेच्या खांद्यावर टाकला जातो आहे असे मला वाटते, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. तुम्ही नजर तयार करा, तुम्ही कसोटी लावा, तुम्ही मन खंबीर करा, हे सगळे खरे. परंतु रुग्णांची संख्या झेपण्यापलीकडची असेल तर निष्णात परिचारिकाही प्रत्येकापाशी मिनिटभर थांबू शकत नाही.

लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रातील सर्वांना ठाऊक असावा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तो अभ्यास होता. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की रुग्ण दाखल झाल्यापासून ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका पूर्ण थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. कमकुवत मनामुळे नवी मुले-मुली नोकरी सोडतात असे जेव्हा कोणी बैठकीत म्हणते, तेव्हा मला हे आकडे आठवतात.

दुसरी गोष्ट व्यत्ययांची. ऑस्ट्रेलियात जोहाना वेस्टब्रुक यांच्या गटाने २०१० मध्ये औषधे देणाऱ्या परिचारिकांचे निरीक्षण करून दाखवले की काम करताना येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. औषधे काढताना आपल्याला कोण-कोण हाक मारते ते आठवून पाहा : नातेवाईक, डॉक्टर, फोन आणि बहुतेक वेळा आपलेच सहकारी. आमच्या वॉर्डमध्ये आता औषधांच्या ट्रॉलीपाशी असलेल्या व्यक्तीशी बोलायचे नाही असे आम्ही आपापसांत ठरवले आहे, आणि हा नियम सर्वांत आधी ज्येष्ठांनी पाळला म्हणूनच टिकला.

निवृत्त इनचार्ज

ब्रदरांचे म्हणणे मला मान्य आहे. इनचार्जच्या खुर्चीत मी बरीच वर्षे काढली आहेत आणि मनुष्यबळासाठी वरिष्ठांकडे केलेली मागणी कशी फायलीत पडून राहते हे पाहिले आहे. तरीही आज रात्री जी मुलगी ड्यूटीवर उभी राहणार आहे, तिला संख्या वाढेपर्यंत थांबता येणार नाही. म्हणून फोनच्या प्रश्नाकडे वळते.

संदेश देण्याची एक पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली आणि आता जगभर 'एसबार' या नावाने शिकवली जाते. आत्ता काय झाले आहे, आधीची पार्श्वभूमी काय, माझा अंदाज काय आणि मला काय हवे आहे, असे तिचे चार भाग आहेत. वर्गात ती सगळ्यांना पाठ असते आणि फोनवर सगळ्या जणी पार्श्वभूमीपासून सुरुवात करतात : रुग्ण केव्हा दाखल झाला, कशासाठी, कोणाच्या अखत्यारीत. झोपेतून उठलेल्या डॉक्टरांचा धीर तेवढ्यात सुटतो. बोलणे असे असावे :

"डॉक्टर, मेडिसिन वॉर्डमधून सिस्टर बोलते आहे. खाट नऊवरच्या रुग्णाचा श्वास वाढला आहे, म्हणून फोन केला. श्वसनगती २८, ऑक्सिजन ९० टक्के, नाडी ११८, रक्तदाब १०० वर ६०. संध्याकाळी श्वसनगती १८ आणि ऑक्सिजन ९६ होता. न्यूमोनियासाठी काल दाखल, अँटिबायोटिक सुरू आहे, औषधांची अॅलर्जी नाही. डोक्याकडची बाजू उंच करून ऑक्सिजन लावला आहे. रुग्ण झपाट्याने बिघडतो आहे असे मला वाटते. आपण आत्ता येऊन पाहावे. तोवर मी काय करू?"

यातले 'असे मला वाटते' आणि 'आत्ता येऊन पाहावे' हे शब्द उच्चारायला नव्या मुली सर्वांत जास्त कचरतात. निदान करणे आपले काम नाही या धास्तीने त्या आकडे सांगून गप्प राहतात आणि पलीकडची व्यक्ती 'बरं, लक्ष ठेवा' म्हणून फोन ठेवते. काळजी वाटते आहे हे सांगणे म्हणजे निदान करणे नव्हे. फोन लावण्यापूर्वी तक्ता, औषधांचा कागद आणि पेन समोर घ्या, नुकतेच स्वतः मोजलेले आकडे लिहून ठेवा, आणि तोंडी आदेश मिळाला तर तो लिहून, वाचून दाखवून, होकार मिळाल्यावरच अमलात आणा. फोनची वेळ व मिळालेले उत्तर यांची नोंद लगेच करावी.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. इनचार्ज मॅडम, तुमच्या उत्तरावर एक शंका विचारते. इतके नीट सांगूनही डॉक्टर रागावले, किंवा येतच नाहीत, तर काय करावे? आणि डॉक्टरांपेक्षाही मला धास्ती वाटते ती एका ज्येष्ठ सहकाऱ्याची. काही विचारायला गेले की 'कॉलेजात हेच शिकवलं का' असे नातेवाइकांसमोर म्हटले जाते. त्यामुळे विचारण्याआधी मी दहा वेळा विचार करते, आणि तेवढा वेळ रुग्णाच्या दृष्टीने वाया जातो हे मला कळते.

निवृत्त इनचार्ज

डॉक्टरांबाबत सांगायचे तर, रागावले तरी रुग्णाची स्थिती बदलत नाही, म्हणून तुमचे वाक्यही बदलू नका. 'मला अजूनही काळजी वाटते, आपण यावे' असे दुसऱ्यांदा सांगा. तरीही आले नाहीत तर पाळीच्या इनचार्जना, त्यांच्यामार्फत वरच्या डॉक्टरांना कळवा; आपत्कालीन पथक असेल तर ते बोलवायला संकोच करू नका. ही चहाडी होत नाही. ही शिडी रुग्णासाठीच ठेवलेली असते, आणि कोणत्या पायरीवर कोणाचा नंबर आहे हे रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारून लिहून ठेवावे.

सहकाऱ्याची गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. विचारणाऱ्या मुलीला चारचौघांत खजील केले की ती विचारणे बंद करते; ज्या वॉर्डमध्ये नव्या मुली विचारत नाहीत, त्या वॉर्डच्या इनचार्जला शांत झोप लागता कामा नये. आधी त्या सहकाऱ्यांशी एकांतात, वॉर्ड शांत असताना बोलून पाहा : 'माझे चुकत असेल तर जरूर सांगा, पण रुग्णांसमोर नको, कारण मग त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडतो.' पुष्कळ जणी इतक्याने वरमतात. फरक पडला नाही तर तारीख, वेळ आणि घडलेले शब्द लिहून ठेवा आणि इनचार्जपुढे मांडा. दरम्यान, ज्यांना विचारता येते अशी एक तरी व्यक्ती प्रत्येक पाळीत हेरून ठेवा. ती परिचारिकाच असावी असे नाही. औषधशास्त्राच्या शंकांना फार्मासिस्ट फार उपयोगी पडतात.

रात्रपाळीची परिचारिका

रात्रपाळीविषयी थोडक्यात लिहिते. पहाटे ३ ते ५ च्या सुमारास शरीराची सावधता सर्वांत खाली जाते आणि नेमक्या त्याच वेळी पहाटेची औषधे, रक्ताचे नमुने आणि नोंदी यांची घाई सुरू होते. म्हणून गणिती हिशोब लागणारी कामे शक्य असेल तिथे मध्यरात्रीपूर्वी उरकावीत आणि पहाटेचा प्रत्येक हिशोब दुसऱ्या व्यक्तीला दाखवावा. रात्रपाळीनंतर डोळे मिटत असताना स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये.

रक्त तपासणी विभागातील सहकारी

एक विषय अजून आला नाही, तो म्हणजे सुई टोचणे. नवे कर्मचारी ही घटना लपवतात, कारण ती आपल्या अकुशलतेची कबुली होईल असे त्यांना वाटते. जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि त्याच पाळीत कळवावे. रुग्ण एचआयव्ही बाधित असेल तर अशा टोचण्यातून लागण होण्याचा धोका सरासरी ०.३ टक्के असतो, पण प्रतिबंधक औषधे काही तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हेपॅटायटिस बी चा धोका लस न घेतलेल्यांना याहून पुष्कळ मोठा आहे, तेव्हा रुजू होण्यापूर्वीच लसीकरण पूर्ण असावे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

अतिदक्षता परिचारिका

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे घरापर्यंत पाठलाग करणाऱ्या विचारांना, कोणी हात घातला नाही म्हणून पुन्हा लिहिते. त्यांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

पहिला प्रकार 'राहून तर गेले नाही ना' हा. त्याचे मूळ बहुधा नोंदी साठवून ठेवण्यात असते. दिवसभर काम करून शेवटच्या अर्ध्या तासात सगळे लिहायला बसले की काय केले आणि काय करायचे होते यांची सरमिसळ होते. खिशात घडी घालून ठेवलेल्या एका कागदावर प्रत्येक रुग्णासाठी एक ओळ आखावी, वेळेच्या कामांपुढे चौकोन काढावा आणि काम झाल्याक्षणी खूण करावी. तक्त्यावरील नोंदही खाटेपाशीच करावी. निघण्यापूर्वी हा कागद पुढच्या पाळीच्या सिस्टरसोबत एकदा वाचावा, राहिलेले काम स्पष्ट सांगून सोपवावे आणि कागद रुग्णालयातच नष्ट करावा, कारण त्यावर रुग्णांची माहिती असते. घरी गेल्यावर खरोखर काही आठवले तर वॉर्डला सरळ फोन करावा. कोणतीही शहाणी सहकारी अशा फोनला हसत नाही.

दुसरा प्रकार मृत्यूनंतर उरणाऱ्या विचारांचा आहे. पहिल्या वर्षात असा प्रसंग येतोच आणि त्याची पूर्वतयारी कोणी करून घेत नाही. नळ्या काढून देह स्वच्छ करणे, नातेवाइकांना आत बोलावणे, कागदपत्रे, आणि हे चालू असताना शेजारच्या खाटेवरून पाणी मागणारा आवाज. तिथे जाऊन त्याच हातांनी पेला भरून द्यावा लागतो. हा सांधा सर्वांत कठीण आहे. नव्या मुलीवर अशी वेळ आली की मी तिच्यासोबत देहाची शुश्रूषा करायला स्वतः उभी राहते, काय करतो आहोत ते हळू आवाजात सांगत जाते, आणि नंतर तिचे बाकीचे रुग्ण थोडा वेळ दुसरीकडे सोपवते. रडू आले तर येऊ द्यावे. नातेवाइकांना ठोकळेबाज सांत्वन देण्यापेक्षा 'तुम्हाला हवे तितका वेळ त्यांच्याजवळ बसा' हे सांगणे त्यांच्या जास्त कामी येते. झोप उडणे, ड्यूटीच्या नुसत्या विचाराने मळमळणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे असे काही आठवडे चालले, तर मात्र समुपदेशकाची भेट घ्यावी, लांबणीवर टाकू नये.

धागाकर्ती

तो चौकोनांचा कागद कालपासून सुरू केला आहे. शेवटचा प्रश्न माझ्या मैत्रिणीच्या वतीने विचारते. ती अजून पहिल्या नोकरीच्या शोधात आहे. मुलाखतीत तिने कोणत्या गोष्टी विचारून घ्याव्यात?

नर्सिंग शिक्षक

पगार आणि सुट्ट्या यांच्या जोडीने तिने हे विचारावे : सुरुवातीचे किती आठवडे मला पाळीच्या संख्येत न धरता ज्येष्ठांसोबत ठेवले जाईल? त्या काळात ठरावीक एकच मार्गदर्शक असेल की रोज वेगळी व्यक्ती? माणसे कमी पडली म्हणून पहिल्या काही महिन्यांत मला अनोळखी वॉर्डमध्ये पाठवले जाईल का? स्वतंत्रपणे रात्रपाळी केव्हापासून, आणि त्या रात्री वॉर्डमध्ये माझ्याशिवाय आणखी कोण असेल? शक्य असल्यास तो वॉर्ड एकदा पाहू देण्याची विनंती करावी आणि तिथे वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या कोणाशी तरी बोलावे. 'मार्गदर्शन मिळेलच' एवढ्या मोघम उत्तरावर होकार देण्याची घाई करू नये. मार्गदर्शकाचे पद, कालावधी आणि मूल्यमापन केव्हा होईल हे लेखी मागून घ्यावे.